फिनेलबाईंचा कुत्रा

"सोड माझा हात," असं म्हणून क्रेनवाले फुटपाथच्या काठावर मटकन बसले.

संध्याकाळची वेळ होती आणि रस्ता माणसांनी फुललेला. फिनेलबाईंनी आधी आजूबाजूला पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"उठा बरं. लोक बघताहेत."

"बघू दे. रोजच... बघतात." शब्द त्यांच्या तोंडातून चावून चावून बाहेर येत होते. "तू मला कुत्र्यासारखं... फिरवतेस. गळ्यात पट्टा तेवढा... राहिलाय. तोही घाल."

पिशव्या घेऊन चाललेली एक बाई हे ऐकून हसली आणि हसल्याचं लक्षात येताच भरभर पुढे निघून गेली. पुरुषांच्या वॉर्डची मुख्य सिस्टर म्हणून फिनेलबाईंचा उभा जन्म उलट उत्तरं देणाऱ्या पेशंटांमध्ये गेला होता. कुणाला काय सुनावायचं ते त्यांच्या जिभेवर तयारच असायचं. त्या दिवशी मात्र त्या नुसत्या नवऱ्याशेजारी काठावर बसल्या. आपला स्वच्छ युनिफॉर्म त्या मळकट दगडावर टेकला, याची आठवणसुद्धा त्यांना घरी गेल्यावर झाली.

फिनेलबाई हे नाव त्यांना शिकाऊ नर्सेसनी ठेवलेलं. त्या वॉर्डात शिरायच्या आधी फिनेलचा वास शिरतो, असं पोरी म्हणायच्या. बाईंना हे ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात त्याचा अभिमानही होता. त्यांचे यजमान बंदरावर क्रेन चालवायचे. सकाळी शिडी चढून वर काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसायचे ते जेवायलाच खाली. जहाजातली अवाढव्य खोकी अशी अलगद उतरवायचे की खालच्या हमालाने धरलेला चहाचा कप हिंदकळू नये. "आम्ही उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं," असं म्हणत ते खदाखदा हसायचे. आवाज तर असा, की शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत यायची.

ते निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात एका सकाळी दाढी करताना ब्रश हातातून गळून पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. जीव वाचला, पण उजवा पाय ओढत चालायला लागले, उजवा हात उसना आणल्यासारखा लोंबायला लागला आणि जीभ जड झाली. रोज चाललंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून ड्युटीवरून आल्यावर बाई त्यांचं कोपर धरायच्या आणि कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत नेऊन परत आणायच्या. वाटेत ओळखीचे भेटायचे. क्रेनवाल्यांच्या डोक्यावरून बाईंना विचारायचे, "कसे आहेत आता?" बाई सांगायच्या, "बरे आहेत. जेवण जातंय. झोप लागते."

त्या संध्याकाळी दगडावर बसल्या बसल्या बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवरा बोलला त्यात खोटं काय होतं? कुत्र्याची चौकशी लोक कुत्र्याकडे करत नाहीत. मालकाकडेच करतात.

बराच वेळ दोघं तिथेच बसून राहिली. शेवटी क्रेनवाल्यांनीच डावा हात पुढे केला, कारण बाईंच्या आधाराशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. ते उठणं बाईंना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी लेक भेटायला आली. ती याच शहरात, दोन बसेस बदलून जावं लागेल इतक्या अंतरावर राहायची. चहा ओतता ओतता बाई तिला म्हणाल्या, "मी कुत्रा आणणार आहे."

लेकीला वाटलं, आई काहीतरी भलतंच बोलतेय. "आई, सोफ्यावर मांजराचा एक केस दिसला तर तू अख्खी खोली धुऊन काढतेस. कुत्रा चावलेल्या माणसाची जखम बघून आलीस की दोन दिवस तुला अन्न गोड लागत नाही. आणि कुत्रा?"

"हो, कुत्रा."

"तुला आवडतो तरी का कुत्रा?"

"मुळीच नाही."

"मग कशाला?"

"यांना फिरायला न्यायचा मला कंटाळा आलाय. यांनी आता कुणाला तरी फिरवावं."

लेक हसली, पण आई हसत नाही हे बघून गप्प झाली. मग तिने मोबाइलवर पिल्लांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. कापसाच्या गोळ्यासारखी पांढरी, बटणासारख्या डोळ्यांची. "असलं घे. मांडीवर बसेल. बाबांचा वेळ जाईल."

"वेळ घालवायला टीव्ही आहे," बाई म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी बाई एकट्याच गेल्या. गावाबाहेर टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी एक निवारा होता. पत्र्याचं छप्पर, जाळीचे कप्पे आणि कानठळ्या बसवणारं भुंकणं. वासाने बाईंचं नाक आपोआप आक्रसलं. फरशी धुतात, पण कोपरे सोडतात, हे त्यांनी दारातच ओळखलं. तिथलं सगळं बघणारी बाई गमबूट घालून पाण्याचा पाइप हातात धरून उभी होती.

"कुत्र्यांची आवड आहे वाटतं?" गमबूटवालीने विचारलं.

"नाही."

"मग कसं जमणार?"

"मला पेशंट तरी कुठे आवडायचे? सांभाळलेच की."

गमबूटवालीने पाइप खाली ठेवला. असलं गिऱ्हाईक तिच्याकडे आलं नसावं. तिने पहिल्या कप्प्यातला काळा कुत्रा दाखवला. तो जाळीतून जीभ बाहेर काढून बाईंची बोटं चाटायला धडपडत होता. बाईंनी हात पाठीमागे घेतला. "हा लाळघोट्या आहे. साहेबांच्या मागेपुढे करणारे असले खूप बघितलेत." दुसरा मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पाय जोडल्यासारखे हलवत होता. "हा भीक मागतोय. आमच्याकडे कुणी भीक मागितलेली यांना खपायची नाही."

"यांना म्हणजे?"

बाईंनी नवऱ्याबद्दल थोडक्यात सांगितलं. गमबूटवालीचा चेहरा एकदम मऊ झाला. ती त्यांना एका कप्प्यापाशी घेऊन गेली. आत तीन पायांची एक कुत्री होती. शेपटी हलवताना तिचा तोल जायचा, तो सावरून ती पुन्हा हलवायची. "ही न्या. तुमच्या मिस्टरांचं आणि हिचं अगदी जमेल. एकमेकांना समजून घेतील."

बाईंची कानशिलं तापली. "जोडा जुळवायला आले नाही मी. हिला पळणारं माणूस बघून द्या, पळायला शिकेल. आमच्याकडे लंगडण्याचा कोटा पूर्ण झालाय."

गमबूटवाली वरमली. बाईंनाही आपण जास्त बोललो असं वाटलं, पण शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्या तशाच पुढे चालत शेवटच्या कप्प्यापाशी आल्या. बाकी सगळी कुत्री जाळीला चिकटून आरडाओरडा करत असताना आत एक तपकिरी कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता. एक कान उभा, एक दुमडलेला. बाईंनी टाळी वाजवली. त्याने दुमडलेला कानसुद्धा हलवला नाही.

"बहिरा आहे का?"

"छे! सगळं ऐकतो. त्याला ऐकायचं नसतं. दोन घरांनी नेला आणि दोघांनी परत आणून सोडला. बोलावलं तर येत नाही. चालता चालता मध्येच बसतो, ओढला तरी हलत नाही. मनात आलं की आपला आपण उठतो. तो तुमच्या कामाचा नाही हो."

"चावतो?"

"चावायला जवळ तरी यावं लागतं ना!"

बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. भिंतीकडे तोंड करून झोपणारी माणसं त्यांनी वॉर्डात पुष्कळ पाहिली होती. त्यात दोन प्रकार असायचे. एक हरलेली आणि दुसरी रागावलेली. पाठीवरून त्यांना फरक कळायचा. हा रागावलेला होता.

"हाच द्या," त्या म्हणाल्या.

घरी क्रेनवाले खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. बाईंनी दार उघडलं, कुत्रा आत ओढला आणि पट्टा सोडला. कुत्रा खोलीच्या मधोमध गेला आणि दोघांकडे पाठ करून बसला.

"हे... कुणाचं?"

"तुमचं."

"मला नको."

"मलाही नको."

"मग... आणलं कशाला?"

"कुत्रा कसा फिरवतात ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे म्हणालात. म्हटलं, बघू तरी."

क्रेनवाले लाल झाले. बरंच काही बोलायचं होतं, पण एवढं सगळं त्यांच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत बाई स्वयंपाकघरात जाऊन हात धूत होत्या. साबण लावून, कोपरापर्यंत, ऑपरेशनला जाताना धुवावेत तसे.

सकाळी ड्युटीवर निघताना त्यांनी पट्टा दाराच्या खुंटीला अडकवला, नवऱ्याच्या डाव्या हाताला येईल असा. "मी चालले. तो घरात घाण करेल. बाहेर न्यायचं असलं तर न्या. नाही नेलंत तरी चालेल, पण ती घाण मी पुसणार नाही. आधीच सांगून ठेवते."

त्या दुपारी परत आल्या तेव्हा दारातच वास आला. कुत्र्याने सोफ्यासमोर आपला कार्यभाग उरकला होता. क्रेनवाले खिडकीबाहेर बघत बसले होते, कुत्रा भिंतीकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर आपला काही संबंध नाही, असा भाव.

एरवी फिनेलबाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नसती. बादली, फडका, फिनेल आणि दहा मिनिटांत फरशीत चेहरा दिसला असता. पण त्या दिवशी त्यांनी चहा केला, कप घेऊन सोफ्यावर बसल्या आणि तो ऐवज पायाशी असताना घोट घोट चहा प्यायल्या. चहाला चव कसली लागतेय! हात शिवशिवत होते. एकदा तर त्या अर्ध्या उठल्यासुद्धा, पण ओठ आवळून पुन्हा बसल्या. मग मासिक उघडलं. एकच पान चारदा वाचलं.

"अगं... वास येतोय," शेवटी क्रेनवाले म्हणाले.

"येणारच."

"पूस ना."

"कुत्रा कुणाचा?"

मग खुर्ची करकरली. क्रेनवाले उठले. भिंतीला धरून धरून मोरीपर्यंत गेले. बादली अर्धी भरली, कारण पूर्ण भरलेली डाव्या हाताने उचलवली नसती. ती पायाने ढकलत ढकलत आणली. वाटेत निम्मं पाणी सांडलं. जमिनीवर बसायला त्यांना किती वेळ लागला आणि बसताना तोंडातून काय काय शिव्या निघाल्या! पण त्या शिव्या गंमत म्हणजे अगदी स्वच्छ, न चावता निघाल्या. बंदरावरची जुनी शिकवणूक ती. डाव्या हाताने त्यांनी फरशी पुसली. घाण निघाली कमी, पसरली जास्त. बाईंनी मासिकाआडून बघितलं, आणि सोफ्याच्या कडेला राहिलेला पिवळा डाग दिसूनही काही बोलल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड मौन तेच.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा खुंटीवर पट्टा नव्हता. घरात कुणीच नव्हतं. जिन्यात पाय ओढल्याचा आवाज आला तेव्हा त्या धावत स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उगाचच एक स्वच्छ पातेलं घासायला लागल्या.

कुत्र्याचं नाव कुणी ठेवलं नाही, ते पडलं. चालता चालता क्रेनवाले सारखे "थांब, थांब" म्हणायचे. हा एक शब्द त्यांच्या जिभेला बरा जमायचा. कुत्र्याला वाटलं, आपल्यालाच हाक मारतात. त्यामुळे "थांब" म्हटलं की तो चालायला लागायचा. थांबायचा मात्र आपल्या मर्जीने, भर रस्त्यात बूड टेकून. मग क्रेनवालेही उभे राहायचे, नाहीतर जवळच्या कठड्याला टेकायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हा... दमला." स्वतःचा पाय भरून आला असं त्यांना एकदाही सांगावं लागलं नाही. आणि लोकही आता त्यांनाच विचारायचे, "काय हो, चावतो का हा?" उत्तर यायला वेळ लागायचा. कुत्रा बसलेलाच असायचा, त्यामुळे विचारणाऱ्यालाही थांबावं लागायचं.

बाईंचं आणि कुत्र्याचं सूत कधीच जुळलं नाही. लोकांना वाटतं, घरात जनावर आलं की आठवड्याभरात माया लागते. तसलं काही झालं नाही. त्याचे केस बघून त्यांचा जीव अजूनही कासावीस व्हायचा. त्याने बेडरूमचा उंबरा ओलांडायचा नाही, असा त्यांचा नियम होता आणि आश्चर्य म्हणजे तेवढा एक नियम कुत्रा पाळायचा. दोघं एकमेकांच्या वाटेतून बाजूला व्हायची.

बिल्डिंगचे सेक्रेटरी जिन्यात भेटले की नाक मुरडायचे. एकदा म्हणालेच, "सिस्टर, तुमच्या घरी आजारी माणूस, त्यात हे जनावर. भीक नको पण कुत्रा आवर असं झालंय आम्हाला."

"भीक कुणी मागितली तुमच्याकडे?" बाई म्हणाल्या. "आणि आजारी माणूस कोण? आमच्याकडे तर कुणी नाही."

असे बरेच महिने गेले. क्रेनवाले आता बागेच्याही पुढे जायला लागले होते. आणि मग एका दुपारी कॅज्युअल्टीतून बाईंना बोलावणं आलं.

खाटेवर क्रेनवाले बसले होते. भुवई फाटलेली, शर्टावर रक्त, तळहात सोलवटलेला. समोरून मांजर गेलं, जन्मात कधी न पळलेला कुत्रा त्याच दिवशी पळाला आणि पट्टा मनगटाला गुंडाळलेले क्रेनवाले तोंडावर आपटले. दोन दुकानदारांनी त्यांना रिक्षात घालून आणलं होतं. कुत्र्याचं काय झालं ते त्या धांदलीत कुणी बघितलं नव्हतं.

"थांब... कुठाय?" क्रेनवाले पुन्हा पुन्हा विचारत होते. "थांब कुठाय?"

"कुठे काय आजोबा, इथेच थांबायचं," तरुण डॉक्टर टाके घालता घालता म्हणाला. "हलू नका."

"थांब!" क्रेनवाले ओरडले.

"हो हो, थांबलोय मी," डॉक्टर म्हणाला आणि खरंच हात वर धरून थांबला. मग बाईंना बघून त्याने सुस्कारा सोडला. "बरं झालं आलात सिस्टर. यांना एकट्याला बाहेर कुणी सोडलं?"

सगळ्या नर्सेस बघत होत्या. पेशंट खाटेवरून पडू नये म्हणून कठडे लावायला ह्याच सिस्टरनी त्या सगळ्यांना शिकवलं होतं.

"कुणी सोडायला ते काय लहान मूल आहेत?" बाई म्हणाल्या. "ते गेले. तुम्ही टाके घाला." मग नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बघते मी त्याला. तुम्ही गप्प बसा, टाका वाकडा पडेल."

एखाद्याला वाटेल, कुत्रा मालक पडला तिथेच आसवं ढाळत बसला असेल. तो बसला होता खाटकाच्या दुकानामागच्या उकिरड्यावर, तोंडात हाड धरून. पश्चात्तापाचा लवलेश नाही. बाईंनी चिखलाने बरबटलेला पट्टा उघड्या हाताने धरला. त्याने नेहमीप्रमाणे बूड टेकलं. बाईंनी ओढलं, तो हलला नाही. पांढऱ्या युनिफॉर्ममधली बाई उकिरड्यावर कुत्र्याशी रस्सीखेच करतेय, हे बघायला चार माणसं जमली.

"थांब!" बाई कडाडल्या.

कुत्रा हाड घेऊन उठला आणि निमूट चालायला लागला. जमलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

संध्याकाळी लेक आली ती रडतच. मागोमाग सेक्रेटरीही आले, बरोबर दोन शेजारी. क्रेनवाले आतल्या खोलीत झोपले होते. दार लोटलेलं होतं, पण पूर्ण बंद नव्हतं.

"आई, बस्स झालं आता," लेक म्हणाली. "त्याला उद्याच्या उद्या परत सोडून ये. बाबा घरात बसतील. मी एक माणूस बघते दिवसभर त्यांच्यापाशी बसायला."

"बरोबर आहे," सेक्रेटरी म्हणाले. "डोक्याला मार लागला असता म्हणजे? आम्हालाही काळजी आहेच की."

बाई कपड्यांच्या घड्या करत होत्या. रक्ताचा शर्ट त्यांनी आल्या आल्या थंड पाण्यात भिजवला होता. त्या म्हणाल्या, "कुत्रा राहील."

"अगं, तू नर्स आहेस ना?"

"म्हणूनच सांगतेय. पडून मोडलेली माणसं मी पाहिलीत. पडू नये म्हणून झोपवून ठेवलेली माणसंही पाहिलीत. त्यांच्या पाठीच्या जखमा मी धुतल्यात, तू नाही धुतल्यास. पडलेला माणूस ओरडतो तरी. झोपवलेला हळूहळू ओरडायचंही सोडतो."

"म्हणजे ते पुन्हा पडले तरी चालेल तुला?"

"नाही चालणार," बाई म्हणाल्या. त्यांनी घडी घातलेला टॉवेल उगाच उलगडून पुन्हा घातला. "मला नाही चालणार. पण चालणारे ते आहेत. पाय त्यांचा आहे, रस्ता सगळ्यांचा आहे. माझ्या भीतीपायी मी त्यांना खुर्चीत बांधून ठेवू? मग मी त्यांची बायको कसली? मालकीणच झाले."

"आणि तो कुत्रा? तुला तर तो डोळ्यांसमोर नको असतो."

"आजही नको आहे. उकिरड्यातून ओढत आणलाय, दोनदा आंघोळ केली तरी हाताचा वास जात नाही. पण आवडतो त्यालाच घरात जागा द्यायची असं ठरवलं, तर ह्या बिल्डिंगमधली निम्मी घरं रिकामी होतील, सेक्रेटरीसाहेब."

सेक्रेटरी काहीतरी पुटपुटले. शेजाऱ्यांपैकी एकाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात बुडवलं. मंडळी निघून गेली. लेक तेवढी राहिली. बराच वेळ मुसमुसत होती. मग उठून बेसिनपाशी गेली आणि भिजवलेला शर्ट चोळायला लागली. बाई तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "तिथे नको, कॉलरपाशी चोळ," एवढंच म्हणाल्या.

टाके निघेपर्यंत क्रेनवाले घरात होते. तेवढे दिवस बाई सकाळ-संध्याकाळ स्वतः कुत्र्याला खाली नेत. तो बसला की त्या घड्याळ बघत उभ्या राहत. पट्टा हातात धरताना रबरी हातमोजे घालत. लोक हसत. हसू देत.

टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनवाल्यांनी बूट मागितले. बाईंनी बूट त्यांच्यापुढे आणून ठेवले. घालून दिले नाहीत. "मनगटाला गुंडाळू नका. नुसता हातात धरा. पळाला तर सोडून द्या, उकिरडा मला माहीत आहे."

क्रेनवाल्यांनी भुवईवरच्या व्रणाखालून बायकोकडे पाहिलं. "बरं... सिस्टर," ते म्हणाले.

त्या दिवशी वॉर्डात बाईंचं लक्ष लागेना. फोन वाजला की त्या सगळ्यांच्या आधी उचलायच्या. एका पेशंटचं औषध त्यांनी तीनदा तपासून बघितलं. शिकाऊ पोरी एकमेकींना खुणावत होत्या. पण त्यांनी घरी फोन केला नाही.

ड्युटी संपवून त्या बसने निघाल्या. खिडकीची जागा मिळाली होती. घराजवळच्या स्टॉपवर बस थांबली, तेव्हा बाई पर्स सावरून उठल्याच होत्या, तोच खिडकीतून त्यांना दिसलं. स्टॉपच्या बाकावर क्रेनवाले बसले होते. पायाशी कुत्रा, रस्त्याकडे पाठ करून. शेजारी एक अनोळखी माणूस होता, हातात छत्री आणि डबा. क्रेनवाले त्याला काहीतरी सांगत होते, डावा हात हवेत वर-खाली करत. बस आली म्हणून तो माणूस उठला, पण सांगणं संपलं नव्हतं. एक पाय पायरीवर ठेवून तो वाकून ऐकत राहिला.

"अहो, चढताय की नाही?" कंडक्टर ओरडला.

"एक मिनिट हो, शेवट राहिलाय," तो माणूस म्हणाला.

शेवट झाला. तो माणूस मोठ्याने हसला आणि वर चढला. क्रेनवालेही हसत होते. त्यांनी बसकडे पाहिलं नाही. बाकाची कड धरून ते उठायला लागले. अर्धे उठले आणि परत बसले. पुन्हा जोर लावला, पुन्हा बसले. बाईंचा हात पुढच्या सीटच्या दांडीवर घट्ट आवळला गेला.

"सिस्टर, तुमचा स्टॉप आला ना?" रोजच्या ओळखीचा कंडक्टर म्हणाला.

खाली क्रेनवाल्यांनी पाय जरा मागे घेतला, कड पुन्हा धरली.

"मी पुढच्या स्टॉपला उतरते," म्हणून बाई खाली बसल्या. घंटी वाजली. बस सुटता सुटता त्यांना नवऱ्याचा उभा राहिलेला शर्ट दिसला, आणि मग नुसत्या दुकानांच्या पाट्या.

पुढच्या स्टॉपवर त्या एकट्याच उतरल्या. घराकडे परत चालायला लागल्या, पण अगदी हळू. मध्येच एका काचेच्या दुकानासमोर थांबून आत मांडलेले पडदे बघत राहिल्या. पडदे काही त्यांना घ्यायचे नव्हते. त्यांना उशीर करायचा होता.